सेवक सातचा तान्हा पोळा

माझा भाऊ तेजराम याले आमच्या गल्लीतले लोक रोबोटवाले काका म्हणतात. मी नाही म्हणत. मी त्याच्याहून सात वर्षानं मोठी. मी त्याले तेजू म्हणते, अन् डोकं फिरलं तर येडा म्हणते. त्रेसष्ट वर्षाचा माणूस, डोक्यात औषधाले काळा केस नाही, अन् घरात पाहाल तर देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर टिनाचे रोबोट रांगेनं उभे. पाहुणे आले की पहिले देवाले हात जोडतात, मग मान वर करतात, मग माझ्या तोंडाकडे पाहतात. मले काय पाहता, मी म्हणते, त्याले विचारा ना.

पण हे सगळं मी आज सांगून राहिली, कारण त्या फळीवरचा एक रोबोट मी बिघडवला. चोरानं नाही, पोरायनं नाही. मी, निर्मलाबाईनं, माझ्या या दोन हातानं.

आम्ही भंडाऱ्याचे, पितळेच्या गल्लीतले. बाबा कारखान्यात पाण्याचे पितळी गुंड ठोकत अन् मी नि माय ते घासून चमकवत. चिंचेचा कोळ, मीठ, राख अन् काथ्याचा बोळा. पाच वर्षाची होती तेव्हापासून माझे हात चिंचेत. आमच्या गल्लीत भांड्यावर जे काही काळं-लाल दिसते ते मळ, अन् मळाखाली जे चमकते ते खरं, बाकी शिकवण आम्हाले कोणी दिली नाही. लग्न झालं तेही याच गल्लीत, तेजूच्या घरापासून चार घरं सोडून. मग स्टीलची भांडी आली अन् एकेक कारखाना थंडा पडला. तेजू त्यात पडलाच नाही. तो टीव्ही दुरुस्त करायचं शिकला अन् बसस्टँडच्या मागं त्यानं दुकान टाकलं.

त्या टाइमाले रविवारी सकाळी टीव्हीवर एक जुनी विलायती मालिका लागे, बोलणं सगळं हिंदीत केलेलं. आभाळात कुठंतरी एक चौकी, तिथं चार-पाच माणसं, अन् त्यायची कामं करायले बारा टिनाचे रोबोट. त्यायले नावं नव्हती, नंबर होते. सेवक एक, सेवक दोन, असे बारापर्यंत. सगळ्यात भोळा सेवक सात. काम सांगितलं की मान हलवून म्हणायचा, "सेवक सात हाजिर है." तेजूचा पोरगा कुलदीप त्याच्यापायी पागल. रविवारी दुकानात दुरुस्तीले आलेले पाच-सहा टीव्ही तेजू एकदम चालू करी. एकात सेवक सात हिरवा, एकात आडवा, एकात नुसता आवाज. कुलदीप मधात स्टुलावर बसून सगळ्यायले पाही. मी डबा घेऊन जायची तर मले म्हणे, "आत्या, चूप बस, थो बोलून राहिला."

त्या पोराले सिकलसेल होता. आमच्या भागात हा रोग घराघरात आहे, सांगायची गरज नाही. पाऊस-थंडी लागली की त्याची हाडं दुखत, अन् तो उशी दातात धरून रडे. पोळा येते भर पावसाळ्यात. म्हणून त्याची माय रत्ना त्याले तान्ह्या पोळ्याले, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरायच्या पोळ्याले, कधी बाहेर काढत नव्हती. गल्लीतली सारी पोरं लाकडी बैल दोरीनं ओढत घरोघरी जात, टिका लावून घेत, बोजारा म्हणून खाऊ-पैसे मागत, अन् हा खिडकीतून पाही.

आठव्या वर्षी त्याची तब्येत बरी होती. आदल्या दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत तेजूनं त्याले एक खेळणं घेऊन दिलं होतं. बपेऱ्याचे यादोराव म्हणून होते, सगळ्या मंडयांमध्ये खेळण्यायचं दुकान लावत. त्यायच्याकडे त्या मालिकेचे टिनाचे रोबोट आले होते. वीतभर उंच, पाठीत चावी, छातीवर नंबर छापलेला, लाल डोळे. एकच शिल्लक होता अन् तोच नेमका सात. त्या दिवसापासून पोरगा त्याले घेऊन झोपे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्या इकडे बैलायची खांदशेकणी राहते. वर्षभर जू वाहून बैलायचे खांदे सोलतात, म्हणून तूप-हळद लावून ते शेकायचे. कुलदीपनं मायच्या मागं लागून वाटीत तूप-हळद घेतली अन् सेवक सातचे खांदे चोळले. कपाळालेही लावलं. रत्नानं हे मले सांगितलं तेव्हा मी हसली होती.

पण तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नाही हसली. मी त्या वर्षी आमचा घरचा बैल कुलदीपले दिला होता. बाबांनी तुमसरच्या सुताराकडून करवून आणलेला सागवानी बैल, गळ्यातल्या पितळी घंट्या बाबांनी स्वतः ओतलेल्या. माझी पोरं त्याच्यावर वाढली. संध्याकाळी दारात गलका झाला, मी ताट घेऊन बाहेर आली, तर काय. बैलाचा चाकाचा पाट तोच, पण बैल गायब. खिळे उपसून बैल काढलेला, अन् पाटावर सुतळीनं बांधून उभा केलेला तो टिनाचा डबा. कपाळावर टिक्यांचा थर. माझ्या आधीच्या सगळ्या बायायनं हसत हसत कुंकू लावलं होतं.

माझं टाळकंच सरकलं. "बैल कुठं आहे?" मी म्हटलं.

"घरी आराम करून राहिला. आत्या, हा सेवक सात आहे."

"पोळा बैलायचा राहते. हे काय आणलं?"

"हा बैलापेक्षा जास्त काम करते," तो म्हणाला. "रात्रीही करते. त्याले कोणी सुट्टी देत नाही. मग त्याचा पोळा काहून नाही?"

आता आठवलं की वाटते, एवढं शहाणं बोलणं मी त्या आधी ऐकलं नव्हतं अन् नंतरही नाही. पण मले तेव्हा बाबांचा बैल दिसत होता, खिळे उपसलेला. मी ताट मागं घेतलं अन् म्हटलं, "बैल घेऊन ये, मग टिका लावते अन् लाडूही देते." बाकीच्या पोरायच्या हातात मी एकेक लाडू ठेवला. त्याच्या हातात नाही ठेवला. त्याचा पहिलाच तान्हा पोळा होता. तो काही रडला नाही. दोरी ओढत पुढच्या घरी गेला.

रात्री तेजूले म्हणाला, "बाबा, आत्याले एकटा आवडला नाही. पुढच्या पोळ्याले बाराही नेऊ. पूर्ण पलटण पाहिली तर आत्या टिका लावेल." तेजू म्हणाला, "आणून देतो." हे मले तेजूनंच सांगितलं, अन् तेव्हाही मी म्हटलं, आणशील कुठून, झाडाले लागतात काय.

पुढचा पोळा त्यानं पाहिला नाही. पौषातल्या थंडीत ताप चढला, छातीत दुखणं भरलं, अन् चार दिवसायत पोरगा गेला. त्याच्या सगळ्या वस्तू रत्नानं त्याच्यासोबत दिल्या, पाटी, स्वेटर, चपला. सेवक सात तेजूनं दिला नाही. पोटाशी धरून बसला.

मग त्यानं बाकीचे जमवायले सुरुवात केली. कोणाले बोलला नाही, पण मी समजली. दुसऱ्या वर्षी सेवक चार मिळाला, मोहाडीकडच्या एका मंडईत, एक हात तुटलेला. सेवक नऊ नागपूरच्या जुन्या बाजारात. एक तर कोणाच्या तरी शेतावर चिमण्या हाकलायले बांधलेला होता, तो ह्यानं मालकाले रेडिओ दुरुस्त करून देऊन सोडवला. टीव्ही गेले, डिश आल्या, मोबाइल आले, तेजूचं दुकान मिक्सर-पंख्यावर आलं, पण प्रत्येक मंडईत प्रत्येक खेळणेवाल्यापाशी तो आपला नंबर लिहून देई. लोक हसत. मीही हसत होती, तोंडावर. पाठीमागं कोणी हसलं तर मात्र मी त्याची खरडपट्टी काढी. रत्ना दरवर्षी फळी फडक्यानं पुसे, पण सेवक सातले हात लावत नसे. कोरोनात रत्नाही गेली. तेव्हापासून तेजूच्या घरचं झाडणं-पुसणं मी पाहते, पण फळीवर माझा हात पुरत नाही म्हणून तिकडे गेली नव्हती.

या वर्षी अकरा झाले होते. राहिला होता फक्त सेवक तीन. पोळ्याले चार दिवस होते अन् तेजूचा फोन वाजला. बपेऱ्याहून यादोराव बोलत होते. आता ऐंशी पार, दुकान लावणं कधीचं बंद. पोळ्याची साफसफाई करताना जुन्या पेटीत एक टिनाचा निघाला म्हणाले, छातीवर तीन लिहिलेलं आहे, तुझाच काय?

तेजू फोन ठेवून खाली बसला. मग मले म्हणाला, "बाई, या पोळ्याले नेतो मी. बाराही. पोराले सांगितलं होतं."

मी म्हटलं, "लोक काय म्हणतील, म्हातारा येडा झाला."

"म्हणू दे," तो म्हणाला. "पहिले तुह्या दारात आणतो."

खांदशेकणीच्या दिवशी सकाळच्या बसनं तो बपेऱ्याले गेला. अन् मी विचार केला, तीस वर्षं मी या माणसाची थट्टा केली, आज याच्यासाठी काहीतरी करावं. उद्या-परवा हे रोबोट गल्लीत निघतील, लोक पाहतील, निदान चमकून तरी निघावे. त्याच्या घरी गेली. स्टुलावर चढून एकेक खाली काढला. दहा बरे होते, फडक्यानं पुसले. सेवक सात मात्र पाहवत नव्हता. कपाळावर काळपट लाल थर, खांद्यावर पिवळं-काळं चिकट, त्यात धूळ बसून दगड झालेलं. मी म्हटलं, बाप्पा, हा तर पूर्ण गंजला. रत्ना बिचारी घाबरून हात लावत नसेल.

चिंच भिजत घातली, राख चाळली, काथ्याचा बोळा केला अन् बसली मोरीवर. पितळ घासताना पहिले काळं पाणी निघते, मग हिरवट, मग चमक दिसते. याचं पहिले लाल पाणी निघालं. मले बरं वाटलं, गंज सुटला. मग छातीवरचे काटे-बटणं छापलेले होते ते निघाले, सातचा आकडा निघाला, लाल डोळे निघाले. जरा हात थबकला, खोटं कायले बोलू. पण आमच्या गल्लीत रंग म्हणजे वरची लबाडी. खाली टिन असं चमकायले लागलं की त्यात माझं तोंड दिसे. लाल पाणी मी अंगणातल्या कर्दळीच्या बुडाशी ओतलं अन् त्याले उन्हात वाळत ठेवलं. खुशीत चहा मांडला.

संध्याकाळी तेजू आला. छातीशी दुपट्ट्यात गुंडाळलेला सेवक तीन. यादोरावांनी पैसे घेतले नव्हते, पोराचं आहे, घेऊन जा म्हणाले. तेजू असा हसत होता की मले तो शाळेतला तेजू आठवला. मग त्यानं फळीकडे पाहिलं.

"बाई, सात कुठं आहे?"

मी मोठ्या हौसेनं आणून त्याच्या हातात दिला. त्यानं फिरवून पाहिला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मले वाटलं ओळखलाच नाही इतका चमकला.

"पाणी कुठं टाकलं?" त्यानं विचारलं.

"कोणतं पाणी?"

"घासलं ते."

मी कर्दळीकडे बोट दाखवलं. तो गेला अन् तिथं ओल्या मातीत बसला. मातीवर हात ठेवून बसला. मी मागं उभी. तसाच बसून म्हणाला, "बाई, थो गंज नव्हता. कुंकू होतं. पोराच्या पोळ्याचं. पहिला टिका रत्नाचा होता."

खांद्यावरचं ते चिकट म्हणजे तूप-हळद, पोराच्या बोटायनं चोळलेलं. तेजू म्हणाला की त्यात कुलदीपच्या बोटाची रेघ दिसत होती, उजव्या खांद्यावर. तीस वर्षं तो रोज सकाळी ती रेघ पाहून दुकानात जात होता. अन् मी ती काथ्यानं काढली.

गल्लीतल्या कोणत्याही बाईले ठाऊक राहिलं असतं की ते कुंकू आहे. तिनं लावलं असतं, तिले आठवलं असतं. मले ठाऊक नव्हतं कारण माझं बोट त्या कपाळाले कधी लागलंच नाही. त्या रात्री मी जेवली नाही. तेजू मले एक शब्द वाकडा बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानं बाराही रोबोट पेटीत भरले अन् कडी लावली. "आता नाही नेत," एवढंच म्हणाला.

पोळ्याचा दिवस असाच गेला. बाहेर तोरणाखाली बैल उभे राहिले, त्यायच्यापुढं झडत्या म्हणून झाल्या, तेजूचं दार लोटलेलं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी पोरायचा गलका सुरू झाला तसं मले घरात बसवेना. मी गेली, पेटी उघडली, अन् सेवक सात काढला. चाकाचा पाट पलंगाखालीच होता. सुतळीनं बांधला. तेजू खाटेवर पडला होता.

"कुठं चालली?"

"पोळ्याले," मी म्हटलं.

सत्तर वर्षाची बाई, गुडघे वाजतात, अन् दोरीनं डबा ओढत गल्लीतून चालली. पोरं आपापले बैल सोडून माझ्या मागं. त्या वर्षी ज्या घरी कुलदीप गेला होता त्या घरी मी गेली. चौदा घरं होती. पाचाले कुलूप, तीन पाडून नवीन बांधलेली, बाकी ठिकाणी सुना. मी प्रत्येक उघड्या दारात सांगितलं, बाई, हा माझ्या भाच्याचा बैल आहे, टिका लाव. कोणी हसलं, कोणी गुपचूप लावला. गल्लीतली गुड्डी, तेव्हा कुलदीपएवढीच होती, आता ब्यूटी पार्लर चालवते. तिनं पाहिलं अन् ताट घेऊन खाली आली. म्हणाली, "कुलदीपच्या मागं मीच चालत होती आत्या, तुमच्या दारातून लाडूही मीच नेला होता." मग तिनं टिका लावला.

पण कुंकू टिकेना. मी असं घासलं होतं की टिनावर काही बसायले तयार नाही. दोन पावलं चाललं की गळून पाटावर पडे. प्रत्येक घरी लावलं अन् प्रत्येक घरापुढे गळलं. माझ्या दारात पोचली तेव्हा कपाळ कोरं होतं, जसं मी त्या दिवशी ठेवलं होतं तसं. अन् माझ्या दारात टिका लावणारी मीच, ती तर बाहेर दोरी धरून उभी. तेव्हा मले रडू आलं. भर गल्लीत, पोरायपुढं.

मागून कोणी माझ्या हातातली दोरी घेतली. तेजू होता. खांद्यावरच्या पिशवीत बाकीचे अकरा घेऊन आला होता. त्यानं ते एकेक काढून माझ्या पायरीवर उभे केले. मग म्हणाला, "खांदशेकणी राहून गेली ना बाई, म्हणून बसत नाही."

मी आत गेली. वाटीत तूप-हळद कालवली, कोमट केली. पायरीवर बसून मी सेवक सातचे खांदे शेकले, उजवा, मग डावा. कपाळाले तूप लावलं अन् मग कुंकवाचं बोट टेकवलं. बसला टिका. मी म्हटलं, "कुलदीप, चुकली रे बापू तुही आत्या." तेजू पाठ वाकवून, दोरी धरून, पोरगं उभं राहते तसा उभा होता.

डब्यातून लाडू काढून मी त्याच्या हातावर ठेवला. त्यानं दोन्ही हात पुढं करून घेतला. कुलदीपही असाच घेत असेल काय, ते मले सांगता येत नाही. पोळ्याचा बोजारा त्यानं माझ्या दारात एकदाच मागितला होता, अन् मी दिला नव्हता.